रंजीताबाईचं ओव्हरड्राइव्ह

वडशाच्या रंजीता सहारेला लोक पूर्वी गळ्यासाठी ओळखत. सोळा-सतरा वर्षांची असताना ती पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदा गायली आणि तेव्हापासून दिवाळी सरली की ती घरी म्हणून सापडायची नाही. कुठं मंडईची जत्रा, कुठं शंकरपट. दिवसा बैल पळायचे, रात्री नाटक उभं राहायचं आणि नाटकात रंजीता असायचीच. समोर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये गाव लोटलेलं असायचं. अगदी मागं घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यालाही शब्द कळावा म्हणून ती पोटातून आवाज काढायची. असं वीसेक वर्षं चाललं. मग गळ्यात गाठी झाल्या. नागपूरला ऑपरेशन झालं, आवाज परतही आला, पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, बोला, गुणगुणा, जोर मात्र लावायचा नाही.

जोर न लावता झाडीपट्टीत गाता येत नाही. रंजीता एक हंगाम घरी बसली. पुढच्या हंगामात नाटक मंडळीतला गिटार वाजवणारा पोरगा एटापल्लीकडे खाणीवर कामाला लागला आणि जाताना आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार मंडळीच्या पेटाऱ्यात टाकून गेला. दुसरा कोणी मिळेना. तेव्हा रंजीताच म्हणाली, "मले द्या. गाणे तं सारे माह्ये तोंडपाठ आहेत. बोटाले शिकवीन."

बोटांना शिकायला वेळ लागला. टोकं सोलली, घट्टे पडले, पण सूर कुठं आहे ते कानाला आधीच ठाऊक होतं. त्यामुळे दोन हंगामांत ती ऑर्गन, ढोलक आणि ऑक्टोपॅडच्या रांगेत रंगमंचासमोर खाली मांडी घालून बसू लागली. सुरुवातीला प्रेक्षक नाटकाऐवजी तिच्याकडे पाहायचे. नंतर सवय झाली.

तिची आई गुणाबाई म्हणायची, "माह्या पोरीले प्रश्नाची खाज आहे." ते खरंच होतं. दंव पडलं की तबला काऊन उतरते, एकच गाणं आरमोरीले चांगलं वाजते अन् सिंदेवाहीले काऊन नाई, असं काहीबाही ती विचारत राहायची. उत्तर मिळालं नाही तर ते तिला चावत राहायचं, दातात अडकलेल्या सुपारीसारखं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास निकेश बोरकर तिच्या दारात गाडी लावून आत आला. निकेश मंडळीचा लेखक आणि दिग्दर्शक. दरवर्षी एक नवं नाटक लिहायचा आणि दरवर्षी त्यात कोणीतरी मरायचं. यंदाच्या नाटकात गावच्या जमीनदार मालगुजाराचा पोरगा पन्नास वर्षांपूर्वी शिकायला नागपूरला जातो, तिथं चार मित्रांबरोबर विलायती गाणी वाजवायला लागतो, बाप गिटार फोडतो, पोरगा घर सोडतो. शेवटच्या अंकात बाप अंथरुणाला खिळलेला असताना तो परत येतो.

"तिथी मी त्याले बोलूच देत नाई," निकेश उत्साहानं म्हणाला. "तो फक्त वाजवते. रंगमंचावर आपला हिरो हात हालवन, खरं वाजवसान तुम्ही. पण तो आवाज तसा पाह्यजे, बाई. जुन्या रॉकवाला. हे आयका."

त्यानं फोन पुढे केला. तिकडच्या कुठल्याशा जुन्या बँडचं गाणं होतं. गायकाचं रंजीताला काही कळलं नाही. मग मध्ये सगळं थांबलं आणि एकटी गिटार सुरू झाली.

रंजीतानं फोन त्याच्या हातातून काढून कानाला लावला. तो आवाज साफ नव्हता. त्याला कडा होत्या, घासलेल्या. एक सूर लांबत गेला आणि लांबताना कुठंतरी आतून उसवला, पण सुटला नाही. रडू आवरून बोलणाऱ्या माणसासारखा तो शेवटपर्यंत उभा राहिला.

"हा फाटला कुठी?" तिनं विचारलं. "अन् फाटूनशान सूर काऊन नाई गेला याचा?"

"त्याले ओव्हरड्राइव्ह म्हणतेत. पायानं दाबाचा एक डब्बा राह्यते, पेडल. तो लावला का होते." निकेशचं ज्ञान इथंच संपलं. "तुम्ही पाह्यजा. दिवाळीच्या आत तयार पाह्यजे."

तो गेला. रंजीता मात्र त्या गाण्यापाशीच राहिली. दुपारी गुणाबाई आडवी झाली की ही परसात खाट टाकून कानात वायर घालून बसायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. काही दिवसांनी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. वाजवणारा हलक्या हातानं तार छेडायचा तेव्हा आवाज जवळपास साफ असायचा. हात जड झाला की घासायला लागायचा. मध्ये कुठं खटका दाबल्यासारखं काही नव्हतं. साफ आणि फाटका असे दोन आवाज नव्हतेच तिथं, एकच होता आणि तो हाताच्या जोरावर चालत होता. हे कळल्यावर तिला बसवेना. ती उठून थेट बाबूभाईंकडे गेली.

स्टेशनच्या रस्त्याला बाबूभाईंचं माइक-स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. साठी उलटलेले, डोक्यावर जाळीची टोपी आणि नाकावर घसरलेला चष्मा. रंजीताच्या पहिल्या नाटकाचा माइक त्यांनीच लावला होता. तिचं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग पोट हलवून हसले.

"अरे बेटा, जिंदगी गेली माही आवाज फाटू नाई म्हणून. आवाज फाटला का गिऱ्हाईक शिव्या देते. अन् तू फाडून मांगून राह्यली?"

"पण फाटते काऊन, भाऊ?"

बाबूभाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं एक लाट काढली. गोल माथ्याची, टेकडीसारखी. "हा तुया सूर. मशीनची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, जेवढी ताकद तेवढाच उंच जाईन. त्याच्यावर ढकलला, तं माथा कटला." त्यांनी टेकडीचा माथा आडव्या रेघेनं उडवला. "असा सपाट. तेच फाटणं. आता आजकालची मशीन एकदम कापते, कुऱ्हाडीसारखी. पुरानी मशीन राह्यची, जुन्या रेडिओवाणी काचेच्या वॉलवाली, ते कापत नव्हती. दाबत होती, आहिस्ता." त्यांनी माथ्याचा कोपरा गोल केला. "हे अंग्रेज लोक त्या वॉलवाल्या मशीनी फुल करून वाजवत. तिथून आला हा आवाज. तुयं पेडल म्हणजे त्याची नकल."

रंजीतानं तो पुठ्ठा जवळ ओढला. कापलेला माथा आणि दाबलेला माथा, दोन्हींवरून बोट फिरवलं. तिला एकदम बरं वाटलं. इतके दिवस कानात घोळणाऱ्या गोष्टीला आकार होता तर.

बाबूभाईंकडे कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्यानं सोडलेलं एक पेडल पडलेलं होतं. काळं, वर आगीच्या ज्वाळा काढलेलं. त्यांनी ते पुसून तिला दिलं. घरी नेऊन तिनं छोट्या स्पीकरला जोडलं आणि तार छेडली. गल्लीतली कुत्री उठली. आरा मशीनवर सागवानाचं लाकूड चढवावं तसा आवाज. हळू वाजवलं तरी आरा मशीन, जोरात वाजवलं तरी आरा मशीन.

गुणाबाई तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "काय वो, तुह्या गळ्याले झालं ते का आता गिटारले झालं?"

 रंजीताला जे हसू आलं ते आवरेना. गुणाबाईला आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि ती सूप घेऊन पुटपुटत आत गेली.

काळं पेडल रंजीतानं बाबूभाईंना परत केलं. "हे कुऱ्हाडवालं आहे, भाऊ. मले दाबणारं पाह्यजे."

"मंग चांद्याले जा. कहकशाँच्या दुकानात. तिच्या बापाची अन् माही दोस्ती होती."

चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, ती बल्लारशाच्या गाडीनं गेली. सोबत पोचू होता. पोचू मंडळीचा ढोलकवाला, तिच्याच वयाचा, बारीक अंगाचा आणि कामापुरतं बोलणारा. त्याला ढोलकीच्या चामडी पानाला लावायची शाई हवी होती म्हणून तो निघाला होता. नागभीडपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून झोपला आणि रंजीता मांडीवर बोटं चालवत बसली.

कहकशाँचं दुकान अरुंद आणि लांब होतं. तिचे वडील पेटी दुरुस्त करायचे. ते गेल्यावर तिनं पुढच्या अर्ध्या भागात गिटारी आणि कीबोर्ड टांगले, मागच्या अर्ध्या भागात पेट्या तशाच ठेवल्या. पस्तिशीची असेल. डोक्यावरची ओढणी सावरत तिनं विचारलं, "कोणतं दाखवू, ताई? कंपनी सांगा."

"कंपनी मले नाई माहीत," रंजीता म्हणाली. "मी हळू वाजवलं तं साफ पाह्यजे. जीव लावून वाजवलं तं घासलं पाह्यजे. अन् घासलं तरी कोणता सूर आहे ते कळलं पाह्यजे."

कहकशाँनं ओढणी सोडली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "बसा," ती म्हणाली. "कॉलेजचे पोरं येतात न, ते म्हणतात सगळ्यात जास्त फाडणारं द्या. तुमचं निराळं आहे."

तिनं गिटारचा एक ठोकळ्यासारखा स्पीकर जमिनीवर ठेवला, त्याच्यासमोर तीन पेडलं मांडली आणि वायरी जोडल्या. तिन्हींवर तीनच बटनं होती. ड्राइव्ह, म्हणजे किती घासायचं. टोन, म्हणजे किती चमकायचं. आणि लेव्हल, म्हणजे पुढे किती ढकलायचं. "बाकी सगळं तुमच्या हातात," कहकशाँ म्हणाली.

पहिलं पेडल दुधी रंगाचं. ते लावलं तर रंजीताला वाटलं, काही झालंच नाही, गिटारच जरा जवळ सरकून बसली. जोर दिल्यावर बारीक खरखर आली, पण लाजत लाजत. चांगलं होतं. भांडण नव्हतं त्यात.

दुसरं लाल. त्यातून पहिली तार वाजली आणि रंजीता दुकानात मोठ्यानं हसली. फोनमधलं गाणंच ते! भरलेलं, जाड, छातीवर हात ठेवल्यासारखं. तिनं हळू वाजवलं, ते निवळलं. हात टाकला, ते गुरगुरलं. गिटारवरचं आवाजाचं बटन थोडं मागं फिरवलं तर पेडलला हात न लावताच आवाज धुतल्यासारखा स्वच्छ झाला. पुन्हा पुढे फिरवलं, पुन्हा घासला. तिनं हे इतक्यांदा केलं की कहकशाँ आत जाऊन चहा सांगून आली.

तिसरं मातकट हिरवं. ते ऐकून तिनं नाक मुरडलं. "हे तं सर्दी झाल्यावाणी बोलते. नाकातून."

"बरेच लोक असंच म्हणतात," कहकशाँ म्हणाली आणि लाल पेडलचं खोकं शोधायला वळली.

इतका वेळ पोचू पेट्यांपाशी स्टुलावर बसून चहा पीत होता. शाई त्यानं केव्हाच घेतली होती. त्यानं कप खाली ठेवला. "बाई, नाटकात तुम्ही का एकट्याच वाजवता? माह्यासंगं वाजवून पाहा न."

त्यानं भिंतीवरची ढोलक काढली, दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिली आणि चाल धरली. कहकशाँलाही मजा वाटली. तिनं एका कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून सूर धरला. रंजीतानं लाल पेडल दाबलं आणि शेवटच्या अंकासाठी बसवलेला तुकडा सुरू केला.

मघाशी छातीवर हात ठेवणारा तो आवाज आता सापडेना. ती वाजवत होती, बोटांना कळत होतं, पण ढोलकीचा धुम आला की गिटार त्याच्याखाली जायची आणि ऑर्गन उरलेलं झाकून टाकायचं. तिनं लेव्हल वाढवली. गलका वाढला, गिटार दिसेना.

पोचूनं न थांबता विचारलं, "वाजवून राह्यल्या का?"

"वाजवून राह्यली न बाप्पा!"

"मले आयकू नाई येत."

रंजीतानं वाकून वायर काढली आणि ते सर्दी झालेलं हिरवं पेडल जोडलं. तोच तुकडा. पहिल्याच सुराला गिटार ढोलक आणि ऑर्गनच्या मधून वर आली, गर्दीत कोणी ओळखीचं माणूस हाक मारत यावं तशी. आता ती नाकातून बोलत नव्हती. किंवा बोलत होती, पण तेच बरोबर होतं. हात जड केला, घासली. हलका केला, निवळली. एकेक सूर वेगळा कळत होता.

वाजवणं थांबवून रंजीता पेडलकडे पाहत राहिली. "हे कसं झालं? एकटं होतं तं वाईट, अन् संगतीत चांगलं?"

"हे खालचा जाड आवाज कापते," कहकशाँ म्हणाली, "अन् मधला वर उचलते. खाली तुमची ढोलक आहे. तिच्या जागेवर हे बसतच नाही. म्हणून भांडण होत नाही."

रंजीताला नीलाबाई आठवली. ती नवखी असताना नीलाबाई मंडळीत मोठी गायिका होती. नाकात गायची. पोरी तिची नक्कल करून हसायच्या, रंजीताही हसायची. पण माइक बंद पडलेल्या एका प्रयोगात शेवटच्या रांगेला फक्त नीलाबाईच ऐकू गेली होती. रंजीताला तेव्हा ते कोडं वाटलं होतं, आणि उत्तर असं चांद्याच्या दुकानात जमिनीवर पडलेलं सापडेल हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

हिरवं पेडल घेऊन ती परत आली. गाडीत या वेळी पोचू जागा होता, कारण ती त्याला झोपू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या हॉलमध्ये तिनं ऐटीत पेडल मांडलं. सगळी मंडळी जमली होती. निकेश हाताची घडी घालून समोर उभा राहिला. रंजीतानं पायानं खटका दाबला, तार छेडली, आणि हॉलमधल्या दोन्ही मोठ्या बॉक्समधून गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं. बारीक, कोरडी, कानात शिरणारी भुणभुण. बापाचं काम करणाऱ्या नटानं कानावर हात ठेवले.

"असाच आहे का तो?" निकेशनं जपून विचारलं.

रंजीताचं तोंड उतरलं. टोनचं बटन मागं नेलं तर माश्या रजईखाली गेल्यासारख्या वाटल्या, बाकी काही नाही. तिला कळेना. तीच गिटार, तेच पेडल, हातही तोच. काल ढोलकीतून वर आलेला आवाज आज कुठं गेला? ती पायरीवर जाऊन बसली. पलीकडच्या राइस मिलमधून कोंड्याचा वास येत होता. बराच वेळ ती कालचं दुकान डोळ्यांसमोर आणत होती. भिंत, ढोलक, कीबोर्ड, जमिनीवर तीन पेडलं. आणि तो ठोकळ्यासारखा स्पीकर.

ती उठून आत आली. इथं पेडलची वायर सरळ मिक्सरमध्ये गेली होती आणि तिथून मोठ्या बॉक्समध्ये. तिनं बॉक्सच्या जाळीला डोळा लावला. खाली मोठा स्पीकर होता, वर बारीक आवाजाचा हॉर्न.

"पोचू, त्या चांद्याच्या डब्ब्यात असं वरचं भोंगाडं होतं का?"

"नाई. एकच गोल होता. कागदाचा."

तालीम सोडून ती बाबूभाईंकडे पोचली. त्यांनी सगळं ऐकलं आणि टोपी मागं सरकवली. "हं. हॉर्न तं सारंच दाखवते. तासल्यावर लाकडाचे कुसळं राह्यते का नाई? गिटारचा कागदाचा स्पीकर ते कुसळं खाऊन टाकते, वरचा आवाज त्याच्यातून निघतच नाई. हॉर्न खात नाई. म्हणून माश्या."

"म्हणजे अर्धा आवाज पेडलचा, अर्धा स्पीकरचा?"

"असंच म्हण."

मग दोघांनी मिळून गोदाम उपसलं. ताडपत्र्या, तुटके स्टँड, भोंग्यांची चळत, त्याखाली एक जुना लाकडी बॉक्स निघाला. बाबूभाई तरुण असताना तो कव्वालीच्या कार्यक्रमांना जायचा. पुढचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं, आतला कागदी स्पीकर मात्र शाबूत होता. बाबूभाईंनी त्याला एक छोटी जुनी मशीन जोडली आणि वायरींना नव्यानं सोल्डरचे डाग दिले. बॉक्स हॉलमध्ये आणून त्यांनी त्याच्या तोंडाशी एक माइक उभा केला आणि फक्त तो माइक मिक्सरला दिला.

रंजीतानं वाजवलं. माश्या गेल्या होत्या. मंडळीतल्या कोणीतरी "अरे!" म्हटलं.

तिचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. ती माइक घेऊन स्पीकरसमोर बसली आणि पोचूला गिटार देऊन एकच तार छेडत राहायला सांगितलं. माइक कागदाच्या मधोमध धरला तर आवाज टोचत होता, कडेला नेला तर मऊ, फार कडेला नेला तर झोपाळू. ती माइक बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत होती. बाबूभाई गंमत पाहत उभे होते. शेवटी तिला एक जागा सापडली आणि तिनं खडूनं तिथं खूण केली.

एक अडचण उरली, निकेशची. त्याला अजून फाटका आवाज हवा होता. "वाढवा, बाई. ड्राइव्हचं बटन पुरं घुमवा. फोनमधी केवढा घासून राह्यला तो!"

रंजीतानं त्याच्यासमोर पूर्ण फिरवून दाखवलं. आवाज जाड झाला, पण हळू आणि जोरात यातला फरक गेला. सगळं सारखंच ओरडायला लागलं. निकेशला तेही पसंत नव्हतं. काय पसंत नाही ते त्याला सांगता येत नव्हतं. रंजीतानं घरी जाऊन पुन्हा फोनमधला तुकडा कानाशी धरला आणि या वेळी फक्त खरखर ऐकली. तिला वाटत होतं त्याच्या निम्मीसुद्धा ती नव्हती. वाजवणाऱ्याचा हात जड होता, म्हणून ती जास्त भासत होती. दुसऱ्या दिवशी तिनं ड्राइव्ह खाली आणला, पार तिसऱ्या हिश्शावर. लेव्हल वर नेली, म्हणजे त्या जुन्या मशीनलाच जरा दम लागेल. आणि हात मोकळा सोडला.

निकेश टाळी वाजवून उठला. "आता कसं! वाढवला न?"

"हो जी," रंजीता म्हणाली. पोचूनं ढोलकीवर मान खाली घातली.

रंगीत तालीम दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी झाली. राइस मिलचे हमाल जेवणाच्या सुट्टीत खिडक्यांपाशी येऊन उभे राहिले. बाबूभाई मिक्सरवर होते. शेवटचा अंक आला. बाप खाटेवर पडलेला, पोरगा उंबऱ्यात उभा. निकेशनं लिहिल्याप्रमाणे कोणी काही बोललं नाही.

रंजीतानं पहिला सूर इतका हलका छेडला की तो साध्या गिटारचाच वाटला. आल्याची वर्दी दिल्यासारखा. दुसरा त्याच्यापेक्षा जरा मोठा. मग हाताला जसजसा भार येत गेला तसतशी आवाजाला धार येत गेली, कडा घासू लागल्या. पोरगा आधी विचारत होता, मग सांगत होता, मग भांडत होता, आणि पायानं कुठलाही खटका दाबावा लागत नव्हता. सगळ्यात वरच्या सुरावर तिनं तार ओढून धरली. तो सूर थरथरत राहिला, उसवला, पण तुटला नाही. तिच्या गळ्यातल्या शिरा ताठ झाल्या होत्या. आपण ओठ मिटून गातोय हे तिला तेव्हा कळलं.

मग तिनं हात सैल केला. आवाज निवळला. खाटेवरच्या नटानं स्क्रिप्टमध्ये नसताना उठून बसायचा प्रयत्न केला आणि ते त्याला जमलं नाही. तसंच ठेवायचं, असं निकेशनं नंतर ठरवलं. खिडकीतला एक हमाल शेजाऱ्याला म्हणाला, "बोलला नाई, पण बोलला बा," आणि मिलचा भोंगा वाजला तशी ते सगळे पळाले.

नाटक चाललं. आरमोरीकडे चाललं, ब्रह्मपुरीकडे चाललं. सिंदेवाहीच्या बाजूला एका गावात लोकांनी तो तुकडा पुन्हा वाजवायला लावला, त्यामुळे बापाला दोनदा मरावं लागलं. बाबूभाईंचा उंदरांनी कुरतडलेला बॉक्स नवं कापड लावून मंडळीच्या गाडीत कायमचा चढला. दुसऱ्या मंडळीचे दोन गिटारवाले एकदा वडशाला रंजीताच्या घरी येऊन विचारून गेले, बाई, कोणतं पेडल घेतलं? तिनं नाव सांगितलं, पण म्हणाली, "तुमच्या ढोलकवाल्याले संगं घेऊन जा. तो म्हणन ते घ्या." ते दोघे निराश होऊन गेले. त्यांना वाटलं, बाई सांगायचं टाळून राह्यली.

पौषात मंडळी एटापल्लीला गेली. प्रयोगाला वेळ होता, दुपार होती. मंडप अर्धा बांधून झाला होता आणि ऊन रंगमंचावर तिरपं पडलं होतं. रंजीता वायरी जोडून पाहत होती. पोचू ढोलक घेऊन जवळ आला आणि नुसता उभा राहिला.

"काय गा?"

"काई नाई." त्यानं पेडलकडे बोट केलं. "ढोलकीले लावून पाह्यलं तं?"

रंजीतानं त्याच्याकडे पाहिलं. मग एक माइक ढोलकीच्या पानासमोर धरला, त्याची वायर कशीबशी पेडलमध्ये खुपसली आणि खटका दाबला. पोचूनं जपून एक थाप मारली. कोणी बंद दारावर लाथ घालावी तसा आवाज मंडपभर आदळला. मंडप बांधणारे जिथल्या तिथं थांबले आणि वरच्या बांबूवर बसलेला माणूस ओरडला, "का फुटलं रे?"

पोचूनं दात काढले. "हळू मारून पाहू?"

"हळू मार," रंजीता म्हणाली आणि वाकून ड्राइव्हचं बटन मागं फिरवू लागली.